डायरेक्टर व्हायचंय की प्रोड्युसर? आधी कुठल्या खोलीत बसायचं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २४, मास कम्युनिकेशन झालंय, दोन शॉर्टफिल्म केल्यात, डायरेक्टर व्हायचंय पण घरचे म्हणतात निदान प्रोडक्शनमध्ये तरी काम मिळेल. मग असिस्टंट म्हणून लागावं का, त्यात किती वर्षं जातात, फिल्म स्कूल करावं का, आणि टीव्हीत शिरलं की फिल्मचा रस्ता बंद होतो का. मी सुरुवातीला सेटवर एडी (असिस्टंट डायरेक्टर) होते, नंतर मालिकांचे एपिसोड डिरेक्ट केले, आणि आता बरीच वर्षं प्रोड्युसर म्हणून काम करते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकूया, कारण त्यात लोकांची उमेदीची वर्षं जातात. बाहेरून सेटकडे बघितलं की वाटतं इथे सरळ शिडी आहे, आधी थर्ड एडी, मग सेकंड, मग फर्स्ट, आणि मग एक दिवस डायरेक्टर. दिसतं तसं, पण ती शिडी डायरेक्टरच्या खुर्चीकडे जातच नाही, ती जाते प्रोडक्शनच्या ऑफिसकडे. चांगल्या फर्स्ट एडीला पुढची बढती मिळते ती प्रोडक्शन मॅनेजर म्हणून, मग लाइन प्रोड्युसर म्हणून. अमेरिकेतल्या डायरेक्टर्स गिल्डमध्ये (ही संघटना १९३६ पासूनची आहे) डायरेक्टरांबरोबर एडी आणि प्रोडक्शन मॅनेजर हेही सभासद असतात, आणि तिथेही एडीची पुढची नेहमीची पायरी प्रोडक्शन मॅनेजरचीच धरतात.

असं का होतं ते फर्स्ट एडी दिवसभर करतो काय हे बघितलं की कळतं. स्क्रिप्ट हातात आली की तो ब्रेकडाऊन करतो, म्हणजे प्रत्येक पानाचे आठ भाग धरायचे आणि सीन किती अष्टमांश पानांचा आहे ते मोजायचं, मग त्या सीनला कोण आर्टिस्ट, कुठली प्रॉपर्टी (म्हणजे सीनमधल्या वस्तू), कॉस्च्युम, गाड्या, लहान मुलं, जनावरं, पाऊस, मारामारी काय काय लागणार ते वेगळं काढायचं. त्यातून प्रत्येक सीनची एक पट्टी बनते, दिवस-आतला सीन पांढरा, दिवस-बाहेरचा पिवळा, रात्र-आतला निळा, रात्र-बाहेरचा हिरवा असा रंगांचा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे, आणि मग या पट्ट्या सरकवत सरकवत शेड्यूल लागतं. लोकेशन एकदा सोडलं की परत यायचं नाही, मोठ्या आर्टिस्टच्या तारखा एकत्र बसवायच्या, रात्रीच्या शूटनंतर लगेच सकाळची शिफ्ट लावायची नाही. डोकं लावायचं काम आहे आणि मला ते अजूनही मनापासून आवडतं, पण टेक चालू असताना फर्स्ट एडी कुठे बघत असतो? घड्याळाकडे, पुढच्या सीनचा मेकअप कुठवर आलाय तिकडे, ट्रॅफिक अडवून उभ्या असलेल्या पोराकडे. डायरेक्टर आर्टिस्टच्या चेहऱ्याकडे बघतोय आणि एडी बाकी सगळ्या जगाकडे, हीच तर कामाची वाटणी आहे. आता दहा वर्षं रोज तुम्ही चेहरा सोडून बाकी सगळं बघायची सवय लावलीत तर तुम्ही कशात तयार व्हाल ते तुम्हीच सांगा.

अपवाद आहेत, नाही असं नाही. जुन्या जपानी स्टुडिओ पद्धतीत असिस्टंटमधूनच डायरेक्टर घडायचे आणि अकिरा कुरोसावा हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण, १९३६ मध्ये असिस्टंट म्हणून लागले आणि १९४३ मध्ये पहिली फिल्म आली. पण ते ज्यांच्या हाताखाली होते त्या काजिरो यामामोतोंनी त्यांना काय करायला लावलं? डायरेक्टर व्हायचं असेल तर आधी स्क्रिप्ट लिही, म्हणून त्यांच्याकडून लिहून घेतलं, शिवाय एडिटिंगला बसवलं. म्हणजे तिथेही कॉलशीट (उद्या कोणी कुठे किती वाजता यायचं त्याचा कागद) बनवून कोणी डायरेक्टर झालं नाही.

बाकीचे मोठे डायरेक्टर कुठून आले बघा. डेव्हिड लीन बरीच वर्षं एडिटर होते. हिचकॉक सायलेंट फिल्मच्या टायटल कार्डची डिझाइनं करत शिरले. सिडनी ल्युमेट लाइव्ह टीव्हीतून आले. रिडली स्कॉट यांनी जाहिरातींमध्ये वर्षानुवर्षं काढली, त्यांची पहिली फीचर (पूर्ण लांबीची फिल्म) १९७७ ची, तेव्हा ते चाळिशीला टेकले होते, त्यामुळे २४ व्या वर्षी उशीर झाला वगैरे डोक्यातून काढून टाका. ख्रिस्तोफर नोलन यांची १९९८ ची पहिली फिल्म नोकऱ्या सांभाळून सुट्टीच्या दिवशी शूट केलेली, आणि कच्ची फिल्म महाग म्हणून आधी भरपूर रिहर्सल करून एक-दोन टेकमध्येच सीन संपवायचे. या सगळ्यांच्यात एकच गोष्ट सारखी दिसते, छोटं का होईना पण 'हा शॉट राहील की जाईल' हे ठरवायचं काम त्यांच्या हातात होतं. लेखन, एडिटिंग, जाहिरात, नाटक, रस्ता कुठलाही असो, निर्णय घ्यायची सवय लागली पाहिजे.

मग एडी व्हावंच नाही का? व्हावं की. एक-दोन प्रोजेक्ट जरूर करा, कारण सेट कसा चालतो, कोणाचं काम कुठे सुरू होतं, कोणाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे दुसरीकडे कुठे शिकता येत नाही. फक्त तिथे मुक्काम ठोकू नका. तुम्ही चांगले एडी निघालात तर फोन येत राहणार, पैसे बरे मिळणार, आणि दरवेळी 'हे एक करून घेतो मग स्वतःचं लिहायला बसतो' असं म्हणत वर्षं निघून जातात. हे मी खूप जणांचं झालेलं बघितलंय आणि त्यातले बरेच जण आज उत्तम लाइन प्रोड्युसर आहेत, काही खुशीत आहेत, काही नाहीत.

डायरेक्शनच शिकायचं असेल तर माझ्या मते दोन जागा जास्त कामाच्या आहेत आणि दोन्हींकडे पोरं वळत नाहीत कारण त्यात रुबाब नाही. एक म्हणजे एडिट रूममधला असिस्टंट. डायरेक्टरने काय शूट करायला हवं होतं आणि केलं नाही हे तिथे उघडं पडतं, रोज. दुसरी जागा स्क्रिप्ट सुपरवायझरची, ज्याला काही ठिकाणी कंटिन्युइटी म्हणतात. हा माणूस मॉनिटरशेजारी बसून प्रत्येक टेक बघतो, आर्टिस्टने कप कुठल्या हातात धरला, कुठल्या शब्दावर उठला, लुक कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला होता की उजव्या, सगळं लिहितो.

एक उदाहरण नीट सांगते, म्हणजे डायरेक्टरचं काम नेमकं कशाचं असतं ते लक्षात येईल. जेवणाच्या टेबलाभोवती सहा माणसं, तीन पानांचा सीन, कागदावर एकदम सोपा. प्रत्यक्षात सगळ्यात छळणाऱ्या सीनपैकी एक. सहाजण म्हणजे कोण कोणाकडे बघतंय याच्या एवढ्या जोड्या होतात की कॅमेरा रेषेच्या (बोलणाऱ्या दोघांना जोडणारी मनातली रेषा, शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यायचे असतात) पलीकडे कधी गेला ते कळतच नाही आणि एडिटला दोन माणसं एकाच दिशेला बघत बोलताना दिसतात. त्यात खाणं, म्हणजे प्रत्येक टेकला ताटात तेवढंच वाढायचं आणि त्याच वाक्याला घास घ्यायचा. नवखा डायरेक्टर काय करतो, मास्टर (सगळा सीन एकत्र दिसेल असा मोठा शॉट) लावतो आणि मग सहाजणांचे क्लोज (एकेकाच्या चेहऱ्याचे शॉट) डायलॉगच्या क्रमाने घ्यायला लागतो. एकीकडचा क्लोज, मग समोरचा, मग परत इकडचा, आणि दरवेळी डीओपीला (मुख्य कॅमेरामनला) सगळं लाइटिंग फिरवावं लागतं, दुपारपर्यंत अर्धा सीन होतो आणि आर्टिस्ट सुकून जातात. अनुभवी माणूस आधी ठरवतो की हा सीन कोणाचा आहे. समजा तो मुलीचा आहे, जी सगळा वेळ गप्प आहे. मग तिच्या बाजूने दिसणारे सगळे शॉट एका दमात घ्यायचे, त्या दिशेचं लाइटिंग संपवायचं, मग एकदाच कॅमेरा फिरवून तिचा क्लोज घ्यायचा. तो क्लोज कधी घ्यायचा हाही निर्णयच आहे, काही आर्टिस्ट पहिल्या दोन टेकमध्येच सगळं देतात, त्यांना शेवटी ठेवलं तर काही उरत नाही, मग लाइटिंगचा हिशोब बाजूला ठेवून त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते. आणि उरलेल्या पाचांपैकी दोघांचे क्लोज घ्यायचेच नाहीत. हे 'घ्यायचेच नाहीत' म्हणायची हिंमत म्हणजे डायरेक्शन, कारण न घेतल्याबद्दल नंतर एडिटर, प्रोड्युसर, चॅनेल सगळे तुम्हालाच विचारणार.

आता टीव्हीचं. फिल्ममध्ये डायरेक्टरचा शब्द शेवटचा मानतात (प्रोड्युसरने मानला तर), मोठ्या ड्रामा सिरीजमध्ये तसं नसतं, तिथे शोरनर नावाचा माणूस असतो, बहुतेक वेळा मुख्य लेखकच, आणि क्रेडिटमध्ये तो एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर असतो. एपिसोडचा डायरेक्टर पाहुणा. तासाभराच्या एपिसोडला सर्वसाधारणपणे आठवडाभर तयारी आणि साधारण तेवढेच किंवा थोडे जास्त दिवस शूट, त्यात एक टोन मीटिंग असते, म्हणजे शोरनर तुमच्याबरोबर बसून सीनमागून सीन सांगतो की इथे हसू यायला हवं, इथे नको. आर्टिस्ट ते पात्र तीन-तीन वर्षं करत असतो, त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी 'ती असं बोलणार नाही' म्हणायला गेलात तर तो नुसता तुमच्याकडे बघतो. पाहुण्या डायरेक्टरची किंमत दोन गोष्टींवर ठरते, दिवसाची पानं वेळेत संपवणं आणि एडिटरला कापायला पुरेसं मटेरियल देणं. अमेरिकन गिल्डच्या करारात डायरेक्टरला स्वतःचा कट करायला फीचरसाठी साधारण १० आठवडे मिळतात, एपिसोडला मोजके दिवस, आणि मग तो शोरनरकडे जातो आणि तुम्ही पुढच्या शोकडे.

रोजची मालिका आणखी वेगळी. फीचरमध्ये दिवसाला तीन-चार पानं झाली तर ठीक चाललंय म्हणतात, ड्रामा सिरीजमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट, आणि डेलीमध्ये त्याच्याही कितीतरी पुढे, दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी लावून. त्याला नाकं मुरडणारे भरपूर आहेत. मला विचाराल तर हात बसण्यासाठी त्यासारखी जागा नाही. रोज ब्लॉकिंग (आर्टिस्टने कुठे उभं राहायचं, कुठून कुठे जायचं ते ठरवणं), रोज नवा अडथळा, आणि आज केलेलं लगेच स्क्रीनवर दिसतं. तोटा असा की कॅमेरा कुठे ठेवायचा याचा विचार बंद होतो, हात आपोआप नेहमीच्या तीन जागी जातो, म्हणून वर्ष-दीड वर्षाने श्वास घ्यायला बाहेर पडा, मध्ये एखादी छोटी गोष्ट स्वतःची करा. फिल्मचा रस्ता टीव्हीमुळे बंद होत नाही. ल्युमेटचं वर सांगितलंच, स्पीलबर्गसुद्धा आधी टीव्हीचे एपिसोड करत होते.

प्रोड्युसरबद्दल तर घरच्यांचा आणि तुमचाही घोटाळा आहे असं दिसतंय. 'प्रोडक्शनमध्ये काम मिळेल' हे खरंय, पण प्रोडक्शनमध्ये काम करणं आणि प्रोड्युसर असणं यात खूप अंतर आहे. लाइन प्रोड्युसर ठरलेल्या बजेटमध्ये फिल्म करून देतो, तो पगारी, हुशार, आणि त्याला कधी काम कमी पडत नाही. एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर हे नाव फिल्ममध्ये बहुतेकदा पैसा आणणाऱ्याला किंवा मोठं नाव जोडणाऱ्याला मिळतं, टीव्हीत तेच शोरनरला. आणि नुसता प्रोड्युसर म्हणजे जो गोष्ट शोधण्यापासून शेवटचा हिशोब होईपर्यंत एकाच फिल्मला चिकटून राहतो तो. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाची बाहुली घ्यायला डायरेक्टर नाही, प्रोड्युसर स्टेजवर जातात, ते याच माणसासाठी. हा स्वतःचे पैसे घालणारा शेठ असतो ही कल्पना सोडा, उलट मुरलेले प्रोड्युसर स्वतःचा पैसा घालायचं टाळतात.

त्याचं काम सुरू होतं हक्कांपासून. कादंबरी आवडली म्हणून कोणी लगेच विकत घेत नाही, ऑप्शन घेतात, म्हणजे वर्ष-दीड वर्ष ही गोष्ट दुसऱ्या कोणाला द्यायची नाही यासाठी थोडी रक्कम, बऱ्याचदा पूर्ण किमतीच्या दहाएक टक्के. त्या मुदतीत स्क्रिप्ट लिहून घ्यायची, डायरेक्टर जोडायचा, आर्टिस्टचा होकार आणायचा आणि पैसा उभा करायचा. मुदत संपली की सगळं मुसळ केरात, वाढवून मिळालं तर नशीब. पैसा आला की बजेट, त्यात वर लेखक-डायरेक्टर-प्रमुख आर्टिस्ट, खाली बाकी सगळं युनिट, आणि अडीअडचणीसाठी साधारण १० टक्के बाजूला. या १० टक्क्यांवर सगळ्यांचा डोळा असतो, डायरेक्टरचा सर्वात आधी.

आणि कागद. कागदांबद्दल कोणी शिकवत नाही म्हणून इथे जरा थांबते. एका ओळखीच्या प्रोड्युसरची फिल्म पूर्ण झाली, लोकांना आवडली, घेणारा मिळाला, आणि डिलिव्हरीला, म्हणजे फिल्म आणि तिचे कागद घेणाऱ्याच्या हाती देताना, अडकली. कशावरून? एका सीनमध्ये मागे रेडिओवर जुनं गाणं वाजतंय, दहा-बारा सेकंद. सेटवर कोणीतरी खरंच लावलं, आर्टिस्टने त्यावर गुणगुणलं, डायरेक्टरला ते इतकं आवडलं की सीन त्याच्यावरच कापला. गाण्याला परवानगी दोन ठिकाणची लागते, एक शब्द-चालीच्या मालकाची आणि एक त्या रेकॉर्डिंगच्या मालकाची. पहिले हो म्हणाले, दुसऱ्यांनी महिनोन्महिने उत्तरच दिलं नाही. गुणगुणणं डायलॉगच्या ट्रॅकवर असल्यामुळे गाणं नुसतं बदलताही येईना, शेवटी सीन गेला आणि त्याच्याबरोबर पुढच्या सीनचा अर्थही. घेणाऱ्याला लागणाऱ्या यादीत लेखकापासूनचे सगळे हक्कांचे करार, प्रत्येक आर्टिस्टची सही, म्युझिक क्यू शीट (फिल्ममध्ये कुठे कुठलं संगीत वाजतं त्याची यादी), डायलॉग वगळून म्युझिक आणि इफेक्टचा वेगळा ट्रॅक, स्टिल फोटो असं बरंच काही असतं, आणि एक गोष्ट नसली तरी शेवटचा हप्ता थांबतो.

पैसे परत कसे येतात तेही एकदा समजून घ्या, म्हणजे 'नफ्यात वाटा देतो' असं कोणी म्हणालं की काय विचारायचं ते कळेल. तिकिटाचा पैसा आला की आधी थिएटरचा हिस्सा, मग डिस्ट्रिब्युटरचं कमिशन, मग त्याने केलेला प्रसिद्धीचा खर्च, मग विक्री करून देणारा एजंट, मग पैसा लावणाऱ्यांची मुद्दल आणि वर ठरलेला टक्का, आणि यातून काही उरलंच तर त्याला नफा म्हणायचं. बहुतेक फिल्ममध्ये पाणी इतकं खाली येतच नाही. म्हणून नवीन डायरेक्टरला माझा सल्ला नेहमी एकच असतो, नफ्यातले दहा टक्के सोडून द्या आणि फी थोडी वाढवून मागा, आणि ती शूटच्या आधी किती, शूट संपल्यावर किती, हे तारखांसकट लिहून घ्या.

कमाईचं म्हणाल तर दोन्हीकडे अनिश्चितता आहे, फक्त वेगवेगळी. डायरेक्टरला दोन कामांच्या मध्ये मोठी पोकळी येते. प्रोड्युसरची फी साधारण शूट सुरू होईल तेव्हा सुरू होते, त्याआधीची दोन-चार वर्षं जवळजवळ फुकट. म्हणून प्रोड्युसर एका वेळी एकच प्रोजेक्ट धरून बसत नाहीत, एक लिहून होतंय, एकाचा पैसा जमतोय, एक एडिटला आहे असं चाललेलं असतं, आणि घर बऱ्याचदा जाहिराती, कॉर्पोरेट फिल्म किंवा दुसऱ्याच्या प्रोजेक्टची लाइन प्रोड्युसरी यावर चालतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

फिल्म स्कूलबद्दल लोक हमरीतुमरीवर येतात, मी थोडक्यात सांगते. १९१९ मध्ये मॉस्कोत पहिलं फिल्म स्कूल निघालं तेव्हापासून हा वाद चालू असावा. तिथे शिकवतात ते तंत्र आता बाहेरही शिकता येतं. जे बाहेर मिळत नाही ते म्हणजे बरोबरची माणसं, जो एडिटर, जो डीओपी पुढची वीस वर्षं तुमच्याबरोबर काम करणार आहे तो बहुधा तिथे भेटतो, आणि दुसरं म्हणजे बिघडलेली फिल्म कोणाच्या पैशाची काळजी न करता बनवायची मुभा. प्रवेश घेण्याआधी एवढंच बघा की शिकताना प्रत्यक्ष किती फिल्म डिरेक्ट करायला मिळतात आणि प्रोड्युसिंगचे विद्यार्थी वेगळे आहेत का. अमेरिकेतल्या एएफआय (अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट) या फिल्म स्कूलमध्ये डायरेक्टर, प्रोड्युसर, एडिटर, डीओपी, लेखक, प्रोडक्शन डिझायनर असे सहा वेगळे विभाग आहेत आणि सगळ्यांना मिळून फिल्म करावी लागते, ही रचना मला योग्य वाटते. जिथे प्रत्येकजण स्वतःच लेखक-डायरेक्टर-एडिटर आणि बाकीचे आळीपाळीने मदतनीस, तिथे भांडणं जास्त शिकायला मिळतात. आणि डोक्यावर मोठं कर्ज घेऊन जाणार असाल तर नका जाऊ, कर्जाचा हप्ता असलेला माणूस पहिली मिळेल ती नोकरी धरतो आणि लिहायचं राहून जातं.

तर तुमच्या बाबतीत, दोन्हीतलं काय निवडायचं? शॉर्टफिल्म करताना स्वतःला कशाची चिडचिड झाली ते आठवा. आर्टिस्टने तो क्षण हवा तसा दिला नाही आणि रात्री झोप लागली नाही, तर डायरेक्शन. जेवण उशिरा आलं, परवानगी शेवटच्या क्षणी नाकारली आणि तुम्ही तिथल्या तिथे दुसरी जागा मिळवून शूट वाचवलंत आणि त्यातच खरी मजा आली, तर प्रोड्युसिंगचा विचार गंभीरपणे करा, घरचे म्हणतात म्हणून नाही, तुम्हाला ते जमतंय म्हणून. दोन्ही झालं असेल तर आत्ता ठरवू नका, एका फिल्मवर एडी, एकावर एडिट असिस्टंट असं करून बघा आणि या सगळ्यात फीचरची एक स्क्रिप्ट लिहीत राहा. कारण शॉर्टफिल्म कोणाला आवडली की त्याचा लगेच पुढचा प्रश्न असतो, 'आता काय आहे तुमच्याकडे?', आणि तेव्हा 'विचार चालूये' म्हणालात की समोरचा मोबाईलमध्ये बघायला लागतो.

त्या दोन शॉर्टफिल्म दाखवत फिरणार असाल तर त्या आधी स्वतः आवाज मोठा करून बघा. चित्र जरा हललं तरी माणसं सांभाळून घेतात, डायलॉग ऐकू आला नाही तर बंद करतात. लांबी दहा-बारा मिनिटांच्या वर असेल तर पुन्हा एडिटला बसा. आणि आर्टिस्टच्या सह्या, लेखकाशी करार, म्युझिकची परवानगी हे कागद झाले नसतील तर या आठवड्यात करून घ्या, तुमच्या त्या मित्रांपैकी कोणी मोठं व्हायच्या आधी, नंतर त्यांचा मॅनेजर फोन उचलतो.